चालतंय की

विड्यांच्या पत्र्याच्या डब्यात पाकीट सापडलं,
चिकटवलेलं, न टाकलेलं.
पत्ता तेलुगूत.
तेलुगू मला बोलता येतं, वाचता येत नाही;
साखर पेठेतल्या मराठी शाळेनं
माझी तोंडाची भाषा एक ठेवली, डोळ्यांची दुसरी.
म्हणून आतलं सगळं शाबूत.

सोबत तिकिटं.
दोन रुपयांचं एक, त्यावर मागाशी बसलेला विणकर.
पंचवीस पैशांची अकरा,
अंडं फोडून बाहेर येणारं कोंबडीचं पिल्लू.
चाळीस वर्षं अकराही पिल्लं
अर्धीच बाहेर.

नायना मिलच्या रंगखात्यात होते.
भोंगा थांबला, नखं निळीच राहिली.
पाकिटाच्या झाकणावर अंगठा उमटलाय,
तेवढं मला वाचता आलं.
पत्ता शेजारच्या बिटला मास्तरांनी वाचून दिला:
बालव्वा, सिरसिल्ला.
अत्ता. जिचं नाव आमच्या घरात
जेवताना कुणी काढायचं नाही.

पोस्टात पंखा गरम हवा वाटत होता.
हत्तुरेबाई फोनवर कानडीत सुनेला रागवत होत्या,
तशाच हातानं तिकिटं उलटीपालटी केली.
मी म्हटलं, जुनी आहेत, बाद झाली असतील.
'बाद कशानं? शिक्का कुठं बसलाय?
चालतंय की ओ.'

लहानपणी एका पाकिटावरचं तिकीट
शिक्का चुकवून आलं होतं.
मी ते वाटीभर पाण्यात सोडवलं, चोळीच्या कापडावर वाळवलं,
नायनांना दाखवलं: बघा, फुकट!
त्यांनी मारलं नाही. तिकीट परत पाण्यात टाकलं,
बोटानं लगदा होईस्तोवर फिरवलं.
'ते जाऊन आलंय,' एवढंच म्हणाले.
शिक्का मारायला विसरलं पोस्ट.
तिकीट चाललेलं अंतर विसरलं नव्हतं.

हत्तुरेबाईंनी बेरीज केली.
चार रुपये पंच्याहत्तर पैसे. लागतात पाच.
चार आणे कमी.
'तसंच टाकलं तर बैरंग जाईल ओ,
घेणारीला दुप्पट भरावे लागतील.'
बैरंग.
मला हसू आलं, मग आलं नाही.
ज्या माणसाच्या घामानं बनियन निळं व्हायचं
त्याचं पत्र.

डब्याच्या तळाशी चार आण्याचं नाणं होतं.
तेही आणलं होतं मी, का कोण जाणे.
काचेखालून सरकवलं.
बाईंनी ते परत सरकवलं, हळू,
कुणाच्या अंगावरचं पांघरूण नीट करावं तसं.
'नाणं बंद झालं. तिकीट चालतं.
आता ह्याला काय करायचं?'
तेवढ्याच किमतीचं दोघं, एकाच डब्यातले,
एकाच सरकारचे.

एक रुपयाचं नवं तिकीट घेतलं.
पंच्याहत्तर पैसे जास्त झाले.
जन्मभर वाण्याच्या वहीत ज्यांचं नाव खाली असायचं
त्या नायनांचे पंच्याहत्तर पैसे
आता सरकारकडे जास्त.

तेरा तिकिटं. समोर पत्ता, जागा पुरेना.
विणकर कोपऱ्यात बसवला, चार पिल्लं त्याच्या पायाशी,
बाकीची मागं, अंगठा सोडून.
पत्ता परत लिहायला लावला, इंग्रजीत.
जिल्हा बदललाय, राज्य बदललंय,
पिन कोड मी मोबाईलवर बघितला.
अत्ता असली तर ऐंशीच्या पुढं असेल.
पाकिटात माफी आहे की हिशेब, माहीत नाही;
बिटला मास्तर म्हणाले होते, फोडू का?
मी पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मग शिक्का.
धप्. धप्. धप्.
विणकरावर, नव्यावर, एकेका पिल्लावर.
मागची पुढची मोजून तेरा वेळा;
शेवटचा जरा तिरका बसला,
बाईंनी परत मारला.

बाहेर ऊन. रिक्षावाला सत्तर म्हणाला, पन्नासात आला.
तीन आठवडे झाले.
उत्तर नाही. पाकीट परतही आलेलं नाही.
चार आणे पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत,
भाजीवाल्याला सुटे देताना
दर वेळी बोटाला लागतात.